सुई टोचण्याचा अधिकार कोणाला? ॲक्युपंक्चर व्यवसायाची नोंदणी आणि नियमन

वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांच्या पूर्वेला व पश्चिमेला पसरलेल्या वस्तीत दवाखान्यांच्या पाट्यांची दाटी आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, निसर्गोपचार, ॲक्युप्रेशर आणि ॲक्युपंक्चर अशी नावे एकाच इमारतीच्या तळमजल्यावर शेजारी शेजारी वाचावयास मिळतात. चर्चगेटपर्यंतचा लोकलचा प्रवास रोज उभ्याने करून कंबर धरलेला नोकरदार, गुडघेदुखीने जिना चढू न शकणाऱ्या आजी, औषधांच्या गोळ्यांना कंटाळलेला अर्धशिशीचा रुग्ण यांपैकी अनेकांना ॲक्युपंक्चरचा मार्ग आकर्षक वाटतो. मात्र सुया टोचून घेण्यासाठी खाटेवर पडणाऱ्या रुग्णांपैकी किती जण समोरच्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक विचारतात, हा प्रश्नच आहे.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर हा आता कोणीही, कोठेही करावा असा मोकळा व्यवसाय राहिलेला नाही. त्यासाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि व्यवसायींची नोंद ठेवणारी परिषदही आहे. ही परिषद नेमके काय करते आणि काय करीत नाही, याविषयी मात्र सर्वसामान्यांत पुरेशी स्पष्टता आढळत नाही. ‘सरकारमान्य’ हा शब्द पाटीवर दिसला की उपचार गुणकारी असल्याची हमी सरकारने दिली, असा समज होतो. वस्तुतः नोंदणी ही उपचाराच्या गुणाची हमी नसते. सुई हाती धरणारी व्यक्ती कोण, तिने काय शिक्षण घेतले आणि चूक झाल्यास जाब कोणाला विचारायचा, एवढेच नोंदणी सांगते. एवढे सांगणेही रुग्णाच्या दृष्टीने फार मोलाचे असते.

चीनहून कोलकात्यामार्गे

ॲक्युपंक्चरच्या भारतातील प्रवासाचे एक टोक महाराष्ट्राशी जोडलेले आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक रवाना झाले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे महाराष्ट्रातील होते. डॉ. कोटणीस यांचे ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निधन झाले. पथकातील बंगालचे डॉ. विजयकुमार बसू मायदेशी परतले. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, तेथे त्यांनी ही उपचारपद्धती शिकून घेतली आणि १९५९ पासून कोलकात्यात तिचा अवलंब सुरू केला. भारतातील आधुनिक ॲक्युपंक्चरची सुरुवात सामान्यतः येथूनच मानली जाते.

साहजिकच या विषयावर स्वतंत्र कायदा करण्यात पश्चिम बंगाल पुढे राहिला. त्या राज्याचा ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धतीविषयीचा कायदा १९९६ चा आहे. महाराष्ट्राने त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी, ‘महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम, २०१५’ या नावाने आपला कायदा केला. त्या कायद्याखालील महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद ही राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या कक्षेत येते.

केंद्र सरकारची भूमिका मधल्या काळात हळूहळू बदलत गेली. पर्यायी उपचारांच्या नावाखाली पदव्या वाटणाऱ्या संस्थांचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये न्यायालयाने त्याबाबत निर्देश दिले. त्यानंतर केंद्राने तज्ज्ञांच्या समितीकडून निरनिराळ्या पद्धतींची छाननी करविली. २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बहुतेक पर्यायी पद्धतींना स्वतंत्र मान्यता नाकारली. ॲक्युपंक्चर आणि संमोहन उपचार या दोहोंबाबत मात्र निराळी भूमिका घेतली. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांनी अथवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी त्यांचा ‘उपचाराचा एक प्रकार’ म्हणून उपयोग करण्यास हरकत नाही, असे त्यात म्हटले होते. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचार पद्धती म्हणून मान्यता दिली.

राज्याचा कायदा कशासाठी?

एकाच देशात पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्र यांचे कायदे वेगळे आणि इतर अनेक राज्यांत असा स्वतंत्र कायदाच नाही, हे कोणास विचित्र वाटेल. त्याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यसूचीत येतो, तर वैद्यकीय व इतर व्यवसायांचा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य या दोघांच्याही अखत्यारीत येतो. त्यामुळे डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका यांच्यासाठी केंद्रीय कायदे असतानाही प्रत्यक्ष नोंदणीचे काम राज्यांच्या परिषदा करतात. फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी या व्यवसायांसाठीही महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने स्वतंत्र परिषद निर्माण केली. ॲक्युपंक्चर परिषद ही याच परंपरेतील पुढची पायरी होय.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की दुसऱ्या राज्यातील संस्थेचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असले, तरी त्याने महाराष्ट्रात व्यवसाय करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. प्रमाणपत्र म्हणजे शिक्षणाचा पुरावा. व्यवसायाचा अधिकार राज्याच्या नोंदवहीतील नावाने येतो.

परिषदेची तीन कामे

जगातील कोणत्याही वैद्यकीय परिषदेचे काम ढोबळमानाने तीन भागांत मांडता येते. व्यवसायात प्रवेश कोणाला द्यावा, हे पहिले काम. व्यवसायात असताना कोणते नियम पाळावेत, हे दुसरे. आणि कोणाला व्यवसायातून बाहेर काढावे, हे तिसरे.

प्रवेशाच्या टप्प्यावर शिक्षणसंस्थांना मान्यता देणे, अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षेचा दर्जा राखणे आणि पात्र व्यक्तींची नावे नोंदवहीत दाखल करणे ही कामे येतात. यांत सर्वांत अवघड पेच असतो तो जुन्या व्यवसायींचा. कायदा होण्यापूर्वीच अनेक वर्षे सुया टोचत आलेल्या व्यक्तींपैकी काहींजवळ दीर्घ अनुभव असतो, पण मान्यताप्राप्त संस्थेचा कागद नसतो. काहींजवळ कागदांची चळत असते, पण हाताला सराव नसतो. सर्वांना सरसकट आत घेतले तर नोंदवहीला अर्थ उरत नाही. सर्वांना सरसकट बाहेर ठेवले तर अनुभवी माणसे बेरोजगार होतात आणि रुग्ण चोरवाटांकडे वळतात. म्हणून नव्या नोंदवहीचा कस पहिल्या काही वर्षांत लागतो. जुन्यांना आत घेताना लावलेली चाळणी जितकी बारीक, तितका पुढे त्या नोंदवहीवरील विश्वास अधिक.

दुसऱ्या टप्प्यात व्यवसायाची आचारसंहिता येते. निर्जंतुक सुया वापरणे, रुग्णाची नोंद ठेवणे, उपचारापूर्वी त्याची संमती घेणे, आपल्या आवाक्याबाहेरचा आजार दिसल्यास रुग्णाला वेळीच योग्य डॉक्टरकडे पाठविणे आणि खोट्या जाहिराती न करणे, ही तिची मुख्य अंगे.

तिसरा टप्पा शिस्तभंगाचा. तक्रार आल्यास संबंधित व्यवसायीला बाजू मांडण्याची संधी द्यावी, चौकशी करावी आणि दोष सिद्ध झाल्यास ताकीद द्यावी अथवा नाव नोंदवहीतून कमी करावे, ही परिषदेची खरी ताकद. ज्या नोंदवहीतून नाव कधीच कमी होत नाही, ती नोंदवही नसून केवळ सभासदांची यादी होते.

बारीक सुईचा धोका

ॲक्युपंक्चरची सुई केसासारखी बारीक, भरीव आणि पोकळी नसलेली असते. तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. मग एवढ्या नियमांची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो.

गरज मुख्यतः तीन कारणांनी आहे. पहिले कारण संसर्गाचे. एकाची सुई पुरेशा निर्जंतुकीकरणाविना दुसऱ्याला टोचली, तर हिपॅटायटिस बी सारखा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात १९८४ मध्ये एकाच ॲक्युपंक्चर व्यवसायीकडे उपचार घेतलेल्या ३५ जणांना या काविळीची बाधा झाल्याचे आढळले होते. एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या सुया सर्वत्र रूढ झाल्याने हा धोका खूप घटला आहे. मात्र काटकसरीच्या मोहाने त्याच सुया पुन्हा वापरल्या गेल्या, तर तो जसाच्या तसा परत येतो.

दुसरे कारण शरीररचनेचे. छाती, खांदा आणि पाठीच्या वरच्या भागात सुई प्रमाणाबाहेर खोल गेली तर फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडून हवा साठू शकते आणि रुग्णाला धाप लागते. कोठे किती खोल आणि कोणत्या कोनातून टोचावे, याचे ज्ञान पुस्तकातील आकृतीवरून येत नाही. ते प्रशिक्षित गुरूच्या नजरेखाली सराव करूनच येते. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण, गर्भवती आणि हृदयात पेसमेकर बसविलेले रुग्ण यांच्याबाबत तर विशेष काळजी घ्यावी लागते. सुयांना विजेचा सौम्य प्रवाह जोडण्याची पद्धत पेसमेकर असणाऱ्यांसाठी धोक्याची ठरू शकते.

तिसरे कारण सर्वांत गंभीर, पण सर्वांत कमी दिसणारे. पाठदुखीमागे मणक्यातील क्षय किंवा कर्करोग असू शकतो. डोकेदुखीमागे वाढलेला रक्तदाब असू शकतो. डाव्या खांद्याचे दुखणे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी सुयांनी तात्पुरता आराम पडला, तरी मूळ निदान लांबते. येथे हानी सुईने केलेली नसते, गमावलेल्या वेळेने केलेली असते.

याच्या दुसऱ्या बाजूचे पुरावेही ध्यानात घेतले पाहिजेत. ब्रिटनमध्ये २००१ साली दोन मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकीत ३४,४०७ उपचारांची, तर दुसरीत ३१,८२२ भेटींची नोंद घेण्यात आली होती. दोन्हींत एकही गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. या पाहण्यांत सहभागी झालेले व्यवसायी प्रशिक्षित आणि व्यावसायिक संघटनांचे सदस्य होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. सुई सुरक्षित ठरते ती प्रशिक्षित हातात. नियमनाच्या बाजूने याहून सबळ युक्तिवाद क्वचितच सापडेल.

गुणाचा प्रश्न निराळा

ॲक्युपंक्चरचा उपयोग किती होतो, याविषयी वैद्यकीय जगात एकमत नाही. काही प्रकारच्या जुनाट वेदनांत रुग्णांना आराम पडल्याचे प्रयोगांतून दिसते. त्याच वेळी खोट्या बिंदूंवर किंवा अगदी वरवर सुया टोचूनही जवळपास तेवढाच आराम पडल्याचे काही मोठ्या प्रयोगांत आढळले आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तिने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ मध्ये ती मागे घेतली आणि २०२१ मध्ये, कारण स्पष्ट न होणाऱ्या जुनाट वेदनांसाठी, या उपचाराचा विचार करावा असे पुन्हा सुचविले. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २०२० पासून केवळ जुनाट कंबरदुखीसाठी मर्यादित सत्रांचा खर्च देण्यास सुरुवात केली.

या घडामोडींतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वेदनेपुरता या उपचाराचा विचार गांभीर्याने होतो. दोन, मधुमेह, पक्षाघात, वंध्यत्व, कर्करोग असे सारे काही सुयांनी ‘मुळासकट’ बरे करण्याच्या दाव्यांना तसा आधार नाही. कर्करोग, मधुमेह, पक्षाघात यांसारख्या आजारांवर हमखास उपायाची जाहिरात करण्याविरुद्ध देशात १९५४ पासून औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. परिषदेकडे नोंदणी असल्याने असे दावे करण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही.

इतरत्र काय घडते?

राज्यपातळीवर परवाना देण्याची पद्धत अमेरिकेत सर्वाधिक रुळलेली आहे. १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेनंतरचा त्रास ॲक्युपंक्चरने कमी झाल्याचे त्यांनी लिहिले आणि तेथील जनतेचे कुतूहल जागे झाले. दोनच वर्षांत, १९७३ मध्ये, नेवाडा राज्याने या व्यवसायाला परवाना देणारा कायदा केला. कॅलिफोर्नियात मंडळ स्वतःची परवाना परीक्षा घेते आणि परवाना टिकविण्यासाठी दर दोन वर्षांनी ५० तासांचे पुढील शिक्षण पूर्ण करावे लागते. १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲक्युपंक्चरच्या सुयांना प्रायोगिक साधनांच्या वर्गातून बाहेर काढले. मात्र त्या निर्जंतुक असाव्यात, एकदाच वापरल्या जाव्यात आणि राज्याने पात्र ठरविलेल्या व्यवसायींनीच वापराव्यात, अशा अटी घातल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रशिक्षण व सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वैद्यकीय पदवी नसलेल्या आणि पूर्ण वेळ ॲक्युपंक्चर करू इच्छिणाऱ्या व्यक्तीसाठी त्यात सुमारे २५०० तासांचे शिक्षण सुचविले आहे. मर्यादित उपयोग करू इच्छिणाऱ्या प्रशिक्षित डॉक्टरांसाठी किमान २०० तास पुरेसे मानले आहेत. शनिवार-रविवारच्या दोन-तीन दिवसांच्या शिबिरानंतर हाती पडणाऱ्या प्रमाणपत्राची किंमत या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहिली म्हणजे नियमनाचे कारण आपोआप उमगते.

एका नोंदवहीतून दुसऱ्या नोंदवहीत

नोंदणीचा आणखी एक पैलू म्हणजे मर्यादा. एका पद्धतीच्या नोंदवहीत नाव असल्याने दुसऱ्या पद्धतीचा व्यवसाय करण्याचा हक्क येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात ठामपणे मांडले. होमिओपॅथीची पदवी असलेल्या मुंबईतील एका व्यवसायीने तापाच्या रुग्णास ॲलोपॅथीची औषधे दिली होती आणि पुढे रुग्णाचा मृत्यू झाला होता. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही, त्या पद्धतीने उपचार करणारी व्यक्ती म्हणजे भोंदू वैद्यच होय, अशा आशयाची भूमिका घेत न्यायालयाने मृताच्या पत्नीस तीन लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून विशिष्ट अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथींना ॲलोपॅथीची औषधे देण्याची मुभा देण्याचा मार्ग खुला केला आणि त्यावरून वाद सुरूच राहिला. मात्र ती मुभाही कायद्याने आणि नोंदणीच्या अटीनेच आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ॲक्युपंक्चरबाबतही हेच तत्त्व दोन्ही बाजूंनी लागू होते. ॲक्युपंक्चरच्या नोंदणीवर ॲलोपॅथीची इंजेक्शने देता येत नाहीत, प्रतिजैविके लिहून देता येत नाहीत किंवा रुग्णाची चालू असलेली रक्तदाबाची गोळी बंद करण्याचा सल्ला देता येत नाही. उलटपक्षी, इतर कोणत्याही वैद्यकीय पदवीवरून सुई टोचण्याचे प्रशिक्षण झाल्याचे सिद्ध होत नाही. ॲक्युप्रेशर हे तर बोटांनी दाब देण्याचे तंत्र आहे. त्यात त्वचा भेदली जात नाही, म्हणून त्याच्या वर्गाचे प्रमाणपत्र सुयांसाठी उपयोगाचे नाही. काही फिजिओथेरपिस्ट स्नायूंतील गाठी सैल करण्यासाठी ‘ड्राय नीडलिंग’ करतात. सुई तीच असली तरी त्यामागील विचार व प्रशिक्षण वेगळे असते आणि या सीमारेषेवरून अनेक देशांत दोन व्यवसायांत वाद झडले आहेत.

वसई-विरारमधील पोकळी

वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या नगरपालिका व परिसरातील गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. १ ऑगस्ट २०१४ पासून हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार ३९० होती. परवडणाऱ्या घरांच्या ओढीने वस्ती ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने सार्वजनिक आरोग्यसेवा वाढू शकली नाही. ही जागा छोट्या खासगी दवाखान्यांनी भरून काढली. त्यांत अनेक प्रामाणिक डॉक्टर आहेत. पण याच परिसरात बनावट डॉक्टरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्याही अधूनमधून येत राहिल्या आहेत.

येथे कायद्यातील एक पोकळी समजून घेणे आवश्यक आहे. रुग्णालये व प्रसूतिगृहे यांची नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली करतो. मात्र हा कायदा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. दवाखान्याच्या जागेची नोंदणी सक्तीची करणारा केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. परिणामी, खाटांवर रुग्ण दाखल न करणारे ॲक्युपंक्चरचे छोटे केंद्र जागेच्या नोंदणीतून सुटते. ब्रिटनमध्ये स्थानिक प्रशासन सुया टोचणारी व्यक्ती आणि तिची जागा या दोहोंची नोंद ठेवू शकते. आपल्याकडे जागेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा दुबळी असल्याने सारा भार व्यक्तीच्या नोंदणीवर पडतो. म्हणूनच परिषदेची नोंदवही अद्ययावत असणे आणि रुग्णांनी ती पाहणे, या दोन्ही गोष्टींना वसई-विरारसारख्या शहरात अधिक महत्त्व आहे.

एक नियम मात्र छोट्यातल्या छोट्या दवाखान्यालाही लागू होतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक आणि सहज न भेदल्या जाणाऱ्या डब्यात जमा कराव्या लागतात. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो. खाटा नसलेल्या दवाखान्यांनाही राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून एकदाच घ्यावयाचे प्राधिकारपत्र लागते. सुया घरगुती कचऱ्यात टाकल्या, तर त्यांची पहिली शिकार ठरतो तो पहाटे कचरा वेचणारा कामगार.

रुग्णाने काय पाहावे?

दवाखान्यात भिंतीवर चौकटी अनेक असतात. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना नोंदणी, संस्था किंवा न्यासाचे नोंदणीपत्र, एखाद्या परिषदेतील सहभागाचे प्रमाणपत्र, परदेशी संस्थेचे मानपत्र यांपैकी कोणतीही चौकट म्हणजे उपचार करण्याचा परवाना नव्हे. रुग्णाने पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेचा नोंदणी क्रमांक, त्यावरील नाव आणि नोंदणीची मुदत. प्रत्यक्ष सुया टोचणारी व्यक्ती तीच आहे ना, हेही पाहावे. एकाचे नाव पाटीवर आणि सहायकाचा हात सुईवर, असे घडू नये.

२. सुयांचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का आणि वापरलेल्या सुया डब्यात टाकल्या जातात का.

३. आधीचे आजार, चालू औषधे, गर्भावस्था, रक्तस्रावाची प्रवृत्ती यांविषयी विचारणा होते का. काहीही न विचारता थेट सुया टोचणारा व्यवसायी, नोंदणीकृत असला तरी, काळजीपूर्वक काम करीत नाही.

४. किती सत्रांनंतर फरक पडला नाही तर उपचार थांबवायचे, हे आरंभीच सांगितले जाते का. अनेक महिन्यांचे पैसे आगाऊ घेणाऱ्या योजनांपासून दूर राहावे. प्रत्येक वेळी पावती मागावी.

तक्रार कोठे करावी?

तक्रारीचे दरवाजे चार आहेत आणि प्रत्येकाचे काम निराळे आहे. व्यवसायी नोंदणीकृत असून त्याने गैरवर्तन केले असेल, तर परिषदेकडे जावे. परिषद त्याच्या नोंदणीवर कारवाई करू शकते, मात्र रुग्णास भरपाई मिळवून देणे हे तिचे काम नव्हे. भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात स्पष्ट केले. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदारास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे उपचार मुंबईत घेतले असले तरी मुंबईला खेटे घालण्याची गरज राहत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दिलेले शुल्क पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास आयोगाकडे फी भरावी लागत नाही.

व्यक्ती नोंदणीकृतच नसेल, तर परिषदेबरोबरच महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. बनावट डॉक्टरांच्या शोधासाठी महापालिका स्तरावर समिती नेमण्याची राज्यात पद्धत आहे. फसवणूक किंवा जीवितास धोका झाला असल्यास पोलिसांकडे जावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असली, तरी फसवणूक आणि निष्काळजीपणाने इतरांचा जीव धोक्यात घालणे हे गुन्हे कायम आहेत. या चारही ठिकाणी पावती, उपचारांच्या तारखा आणि समोरच्याचे पूर्ण नाव हाच मुख्य पुरावा ठरतो.

नोंदणीचा कायदा झाला म्हणजे प्रत्येक सुई सुरक्षित झाली, असे नाही. कायद्याने एवढेच केले की आजवर निनावी असलेल्या हाताला नाव आणि क्रमांक मिळाला. तो क्रमांक कोणी विचारलाच नाही, तर नोंदणीकृत आणि अनोंदणीकृत व्यवसायी यांत रुग्णाच्या लेखी काहीच फरक उरत नाही आणि शिक्षणासाठी वर्षे खर्च केलेल्या प्रामाणिक व्यवसायीवरही अन्याय होतो. पहिल्या भेटीतच नोंदणी क्रमांक विचारणे यात डॉक्टरांचा अवमान नाही. ज्याच्याजवळ तो आहे, त्याला तो दाखविण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.